कार्यानुभव : श्रेणी अ

माणसानं जुने कागद शोधू नयेत. शोधायचेच झाले तर घरात कोणी नसताना शोधावेत. आणि नववीत शिकणारी मुलगी घरात असेल तर मुळीच शोधू नयेत.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवार होता आणि मी घरपट्टीची पावती शोधत होतो. पावती सापडली नाही. ती सापडत नसतेच. घरपट्टीची पावती पहिल्या फटक्यात सापडली तर समजावं, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो आहोत. सापडलं ते माझं नववीचं प्रगतिपुस्तक. ते मी परत तळाशी सरकवणार, तेवढ्यात आमच्या कन्येनं हातातून काढून घेतलं आणि लेखापरीक्षकाच्या थाटात वरून खाली वाचायला सुरुवात केली. गणित ठीक होतं. इंग्रजी बरं होतं. चित्रकलेबद्दल तिनं मोठ्या मनानं मौन पाळलं. शेवटच्या ओळीवर मात्र ती थबकली.

"बाबा, कार्यानुभव, श्रेणी अ?"

"हो."

"म्हणजे तो हातानं काम करायचा विषय ना?"

"हो."

"आणि तुम्हाला अ?"

हे तिनं उद्धटपणे विचारलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं. पण तिचं आश्चर्य अगदी निर्मळ होतं. कारण त्या क्षणी आमच्या डोक्यावरचा पंखा चौथ्या दिवशीही बंद होता, इलेक्ट्रिशियन चार दिवस 'आज येतो' म्हणून सांगत होता, आणि मी वर्तमानपत्राची घडी करून घरातल्या तिघांना आळीपाळीनं वारा घालत होतो. कार्य म्हणून आणि अनुभव म्हणून माझ्यापाशी तेवढाच होता.

माझी थोडी ओळख करून देतो, म्हणजे तिचं आश्चर्य वाचकांनाही पटेल. मी बी.कॉम. आहे. बावीस वर्षं बँकेत कारकून आहे. चक्रवाढ व्याज मला झोपेत सांगता येतं. आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं असं की मी ते सांगतोही. पण नळाचा वॉशर मला बदलता येत नाही. शर्टाचं बटण लावता येतं, फक्त ते शर्टाबरोबर दुसऱ्या कशाला तरी लागतं. मी रोज लाखांची रोकड मोजतो. पण कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर दोन होईपर्यंत माझा ताळा जमतो आणि तिसरी आपल्या कुकरची की शेजारच्यांच्या, या शंकेत डाळ लागते.

ज्यात मी पदवी घेतली त्यातही प्रकार फार वेगळा नव्हता. चेकला रेघा मारण्याचे प्रकार किती आणि त्यांचे परिणाम काय, यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टची कलमं पाठ होती. पण नोकरी लागल्यावर आयुष्यातला पहिला चेक लिहिला तेव्हा मी नावाच्या जागी रक्कम लिहिली आणि रकमेच्या जागी नाव. तो चेक परत करण्याचं काम फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. कॉलेजात तीन वर्षं चेकबद्दल शिकलो होतो. चेक मात्र कोणी हातात दिला नव्हता.

तर, अशा माणसाला कार्यानुभवात अ. त्याची हकीकत सांगितलीच पाहिजे. मी ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

१९९३ साली मी नववीत होतो. आमच्या शाळेत कार्यानुभवाचे दोन तास शनिवारी शेवटी असत. ते कार्यानुभवाचे आहेत हे वेळापत्रकावर लिहिलेलं होतं. बाकी त्याला पुरावा नव्हता. गणित मागं पडलं की ते गणिताला जात, इतिहास मागं पडला की इतिहासाला. कोणताच विषय मागं पडला नसेल तर आम्ही मैदानावरचे दगड गोळा करत असू, आणि पुढच्या शनिवारी ते पुन्हा पसरत असू. मग वर्ष संपत आलं की फळ्यावर सूचना यायची : 'सोमवारी प्रत्येकाने स्वतः तयार केलेली एक उपयोगी वस्तू आणावी.'

या सूचनेनंतरच्या रविवारी बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. खडू, मेणबत्त्या, कागदी पाकिटं, पुठ्ठ्याच्या फायली असा स्वतः तयार केलेल्या वस्तूंचा मोठा साठा तिथं येऊन पडलेला असे. दुकानदारही शांतपणे विचारी, "स्वतः केलेली कितीवाली देऊ?"

आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याला आम्ही मिस्त्री म्हणत असू. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेची विजेची घंटा बिघडली की शिपाई आधी मुख्याध्यापकांकडं जात नसे, मिस्त्रीकडं येत असे. पंधरा ऑगस्टला माईक ऐनवेळी रुसला की भाषण थांबे आणि मिस्त्रीला वर बोलावणं येई. तो दोन वायरी पिळे, 'हॅलो' म्हणे, आणि खाली येऊन पुन्हा मागच्या बाकावर बसे.

मी वाणिज्य शाखेकडं जाणार हे तेव्हाच ठरलेलं असावं, कारण मी त्याच्याशी व्यवहार केला. त्याचा इंग्रजीचा गृहपाठ मी लिहायचा, माझा कार्यानुभव त्यानं करायचा. त्यानं मला विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड करून दिला. फळीवर सॉकेट, स्विच, तांबडा इंडिकेटर, तीन पदरी वायर आणि पुढं तीन पिनांचा प्लग. आणखी चार पोरांनाही त्यानं असेच बोर्ड करून दिले. सामान आमचं आम्ही आणलं होतं. त्याच्या स्वतःच्या बोर्डाला सामान नव्हतं. ते आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

सोमवारी वस्तू तपासायला तालुक्याहून कोणी साहेब आले होते. त्यांनी नेमका माझा बोर्ड उचलला.

"छान. तूच केलास?"

"हो सर."

"मग सांग, प्लगची ही वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा मोठी का?"

ओहमचा नियम विचारला असता तर मी तोंडपाठ म्हणून दाखवला असता. पिन मोठी का, हे पुस्तकात नव्हतं. मी म्हणालो, "सर, ती… मुख्य पिन असते."

तेव्हा मागून हलका आवाज आला, "अर्थिंगची आहे. आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून."

साहेबांनी मान वर केली. मिस्त्री उभा राहिला.

"तुझी वस्तू कुठाय?"

"नाही सर."

आमचे सर म्हणाले, "स्वतः काही करायचं नाही आणि दुसऱ्याला मागून उत्तरं सांगायची! बस खाली."

वर्ग हसला. मीही हसलो. न हसतो तर संशय आला असता. मला अ मिळाला आणि त्याला क. शाळा सुटल्यावर तो मला गाठून एवढंच म्हणाला, "त्या डाव्या स्क्रूला अर्धा फेरा अजून पाहिजे होता. राहिला."

पुढं दहावीला तो इंग्रजीत गेला. वर्षभर त्याचं इंग्रजी मी लिहिलं होतं, तेव्हा परीक्षेत मला बसवायला हवं होतं. ते बोर्डाच्या नियमात बसत नव्हतं. हिशेब पाहिला तर आम्ही दोघांनी एकमेकांना सारखंच बुडवलं. मी त्याला शिकू दिलं नाही, त्यानं मला. फरक इतकाच, की त्याला जे आलं नाही त्याची परीक्षा झाली, आणि मला जे आलं नाही त्याची झालीच नाही. मी दोन्ही बोर्डांत पास झालो. तो ज्यात पास होता तो बोर्ड माझ्या नावावर जमा होता.

शाळेनं मुलांना हातानं काम शिकवावं याचा मोठ्या लोकांनी विचार केला नव्हता, असं नाही. उलट इतका केला आहे, की त्या विचाराच्या ओझ्याखाली मुलांचे हातच सापडेनासे झाले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं होतं की हस्तोद्योग हा अभ्यासक्रमाला मागून जोडलेला डबा नव्हे, तो इंजिन असला पाहिजे. गणित, भूगोल, भाषा हे सगळं त्या उद्योगाच्या निमित्तानं शिकवावं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याची आखणी केली आणि त्याला नई तालीम हे नाव पडलं. पुढं १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोग बसला आणि त्यानं कार्यानुभव सुचवला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं त्याचं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' केलं. हे नाव एवढं लांब, की ते फळ्यावर लिहून होईपर्यंत तास संपावा. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आले. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन काम शिकावं, अशी कल्पना आहे. एकूण काय, दर पिढीला एकदा आपल्याला आठवतं, की मुलांना हातही असतात.

कुठं झालंच नाही असंही म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा हा माणूस ते सगळं सोडून एका दुष्काळी गावात पोरांना हातानं शिकवायला जाऊन बसला. तिथून जो अभ्यासक्रम माध्यमिक शाळांत गेला, त्यात मुलं आठवड्यातला एक दिवस काम करतात : अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की हे काम गावातल्या कोणाच्या तरी खऱ्या गरजेचं असावं लागतं. म्हणजे मुलानं फाटकाला वेल्डिंग केलं तर उद्या ते फाटक उघडायला आणि लागायला हवं. आमच्या पाचही बोर्डांना मात्र शाळेत कोणी वीज म्हणून दाखवली नाही. ते प्रदर्शनाचे होते. प्रदर्शनातली वस्तू पाहायची असते.

हे सगळं मनात घोळत असतानाच कन्येनं मोबाईल माझ्यासमोर धरला. शाळेची सूचना आली होती : 'महिनाअखेर प्रत्येकाने स्वतः तयार केलेली एक उपयोगी वस्तू आणावी.' बत्तीस वर्षांत प्रगती एवढीच, की सूचना फळ्यावरून उतरून मोबाईलवर आली होती. वाक्य तेच होतं. ते लिहिणारे सर आमच्याच वर्गातले निघाले तर मला नवल वाटणार नाही.

"मी एक्स्टेन्शन बोर्ड करू?" कन्या म्हणाली. "तुम्हाला अ आहे. तुम्ही शिकवाल."

दुसऱ्या दिवशी बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी विषय काढला. हकीकत नाही सांगितली; तत्त्व म्हणून काढला. माणूस अडचणीत असला की तो विषय तत्त्व म्हणूनच काढतो.

आमचे एक सहकारी अर्थशास्त्राचे आहेत. ते डबा उघडत म्हणाले, "अहो, प्रत्येकानं सगळं का शिकायचं? ॲडम स्मिथनं १७७६ साली सांगून ठेवलंय. टाचणीच्या कारखान्यात दहा माणसं काम वाटून घेतात आणि दिवसाला अठ्ठेचाळीस हजार टाचण्या करतात. एकेकटा बसला तर वीससुद्धा होणार नाहीत. तुम्ही पंखा दुरुस्त करायला लागलात तर इलेक्ट्रिशियननं काय करायचं? पासबुकं भरायची?"

मुद्दा बिनतोड होता, आणि मला सोयीचाही होता. पण एक गोष्ट मला बोचत राहिली. ह्याच ॲडम स्मिथनं ह्याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात लिहून ठेवलंय, की जन्मभर दोनचार ठरावीक हालचालीच करणाऱ्या माणसाची बुद्धी वापराअभावी गंजते. टाचण्यांचं प्रकरण पहिलंच आहे, म्हणून ते सगळ्यांनी वाचलं. हे पार मागं आहे, तिथपर्यंत आमच्यासारखे पोचत नाहीत.

दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, "तुमच्या स्मिथला घरी गॅस पेटवता येत होता का ते बघा आधी." त्याला कोणाकडंच उत्तर नव्हतं.

मला वाटतं, घोटाळा एका शब्दात आहे. 'मला माहीत आहे' आणि 'मला येतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ साली यावर अख्खं प्रकरण लिहिलं : अमुक असं आहे हे जाणणं निराळं आणि अमुक कसं करावं हे जाणणं निराळं, पहिलं कितीही साठलं तरी त्याचं दुसरं होत नाही. आमच्या आजीनं हेच पोहण्याबद्दल सांगितलं होतं आणि मला विहिरीत ढकललं होतं. राइलपेक्षा तिची पद्धत जलद होती. आणि समर्थांनी तर दासबोधात पढतमूर्खाची लक्षणं सांगायला एक स्वतंत्र समासच खर्ची घातला आहे. तो मी एकदाच वाचला. पुन्हा वाचायचा धीर झाला नाही. फार ओळखीचा वाटला.

पण नुसतं 'येत नाही' एवढ्यावर हे संपत नाही. मला न येणारं काम कोणाला तरी येत असतं, म्हणून माझं चालतं. त्याला मी पैसे देतो, ते ठीक. तरी मी त्याच्याशी जे बोलतो त्यात एक छुपी वरची पट्टी असते. 'एवढ्याशा कामाचे तीनशे?' असं मी म्हणतो. काम एवढंसं आहे हे मला कशावरून कळलं? मला तर ते येतच नाही! ज्याला स्क्रू पिळता येत नाही तो स्क्रूची किंमत ठरवतो, आणि ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून शिकतो. मागच्या बाकाला क, पुढच्या बाकाला अ. मुलांनी हातानं काम शिकावं ते इलेक्ट्रिशियनचे पैसे वाचवायला नव्हे. ते देताना आपण नेमकं कशाचे देतो आहोत, हे कळावं म्हणून शिकावं.

हा निष्कर्ष काढून मी समाधानानं घरी गेलो, आणि सौ.ला म्हणालो, "बोर्ड बाजारातून आणू या."

ती म्हणाली, "अहो, पंखा बंद आहे, निदान तोंड तरी बंद ठेवा."

पुढच्या रविवारी पंखा अकराव्या दिवसात होता. मी चपला घातल्या आणि एका गल्लीत गेलो. बदली होऊन गावी परत आल्याला मला दोन वर्षं झाली होती. त्या गल्लीत मिस्त्रीचं विजेच्या सामानाचं दुकान आहे हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हणूनच मी दोन वर्षं त्या गल्लीनं जात नव्हतो.

"ये साहेब," तो म्हणाला. जसा काही मी कालच येऊन गेलो होतो.

मी पंखा सांगितला.

"काठीनं पातं ढकललं तर फिरतो का?"

"ढकललं नाही."

"ढकल. फिरला तर कंडेन्सर गेलाय. दुसरं काही नाही."

मग मी घसा खाकरून मुलीच्या शाळेचं सांगितलं. एक्स्टेन्शन बोर्ड हवा होता, म्हटलं. तो आधी माझ्याकडं बघत राहिला आणि मग इतका हसला, की हातातली पक्कड खाली पडली.

"अजून तोच बोर्ड?"

"तोच."

"करून देत नाही. पाठव पोरीला. शिकवतो."

"आणि तुला काय द्यायचं?"

त्यानं गल्ल्याखालून एक घडी घातलेला कागद काढला. दुकान वाढवायला कर्ज हवं होतं, त्याचा बँकेचा अर्ज होता तो. मला एकदम हायसं वाटलं. हे माझ्या हातातलं काम. मी खिशातलं पेन काढलं. "आण, दोन मिनिटांत भरून देतो."

त्यानं अर्ज मागं घेतला. "भरून देऊ नको. कसा भरायचा ते दाखव. मागं एकदा तू माझं इंग्रजी भरून दिलं होतंस."

हे तो हसतच म्हणाला. मला मात्र पेनचं टोपण लावायला जरा वेळ लागला.

त्यानंतर तीन रविवार आम्ही त्या दुकानात काढले. एका बाजूला कन्या वायर सोलत होती, दुसऱ्या बाजूला मिस्त्री अर्ज लिहीत होता, आणि मधल्या स्टुलावर मी. 'खेळतं भांडवल' म्हणजे काय ते मी त्याला व्याख्येसकट सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग मी त्याच्याच वायरीच्या गुंडाळ्यांकडं बोट केलं : हा माल तू रोखीनं आणतोस, गिऱ्हाईक उधारीनं नेतं, मधल्या दिवसांत जे अडकून राहतं ते. "म्हणजे दिवाळीच्या आधी जे कमी पडतं ते!" तो म्हणाला. बावीस वर्षांत खेळत्या भांडवलाची एवढी सोपी व्याख्या मला कोणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या रविवारी कन्येचा बोर्ड तयार झाला. दिवा लावला, लागला. स्विच बंद केला, विझला. ती टाळ्या वाजवणार तोच मिस्त्रीनं स्विच तसाच बंद ठेवून सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला. टेस्टर पेटला.

"बघ. दिवा विझलाय, पण वीज आतच बसलीय. स्विच तू न्यूट्रलवर टाकलास. तो फेजवर पाहिजे. आता ह्या बोर्डावर इस्त्री असती, आणि स्विच बंद आहे म्हणून कोणी उघडून बघितली असती, तर?"

"पण काका, लागत-विझत तर होता बरोबर."

"लागला आणि विझला म्हणजे बरोबर होतंच असं नाही."

हे त्यानं तिला सांगितलं. मी उगीचच अर्जाची मागची बाजू वाचू लागलो. तिनं सगळं उकलून पुन्हा जोडलं. या वेळी टेस्टर पेटला नाही.

तिसऱ्या रविवारी ती प्लग बसवत होती. हातात धरून तिनं विचारलं, "काका, ही वरची पिन मोठी का असते?"

मिस्त्रीनं मान वर केली नाही. "बाबांना विचार," म्हणाला.

मी म्हणालो, "अर्थिंगची आहे ती. आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. वस्तूच्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर तिला जमिनीत जायला वाट आधीपासून तयार असावी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"बत्तीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं."

"कोणाकडून?"

मग मी सगळं सांगितलं. बोर्ड कोणी केला, उत्तर कोणी दिलं, बोलणी कोणाला बसली आणि हसलं कोण. कन्या ऐकत होती. माझ्याकडं तिनं ज्या नजरेनं पाहिलं ती मी बँकेत खोटी नोट काउंटरवर धरताना लोकांच्या डोळ्यांत पाहिलेली आहे. मिस्त्री एक स्क्रू घट्ट करत होता. तो संपल्यावर म्हणाला, "सोड रे. डावा स्क्रू मात्र खरंच ढिला राहिला होता."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही ते मागितलं नाही. मागितलं असतं तर त्यानं देऊन टाकलं असतं, आणि तेही पुन्हा त्यानंच करून दिलेलं काम झालं असतं.

आता निकाल. कन्येला ब मिळाला. तिची फळी जरा तिरकी कापली गेली होती, आणि शेजारच्या मुलांचे बोर्ड गुळगुळीत, चकचकीत होते. दुकानातून स्वतः केलेले होते. ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, "पण माझा चालतो." तो आता आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि मिक्सर त्याच्यावर फिरतो. मिस्त्रीनं अर्ज स्वतःच्या अक्षरात भरला. दोन ठिकाणी खाडाखोड आहे. तिथं कशी सही करायची ते मी दाखवलं. शिक्षणाच्या रकान्यात त्यानं 'दहावी नापास' असं स्वच्छ लिहिलं. मी म्हणालो, "पुढं अनुभवही लिही." त्यानं लिहिलं, 'बत्तीस वर्षे'. म्हणजे त्यानं नववीपासून धरला होता.

आणि पंखा. मी काठीनं पातं ढकललं, ते फिरलं. मेन स्विच बंद करून, कन्येच्या हातात बॅटरी देऊन आणि सौ.च्या हातात फोन देऊन मी स्वतः कंडेन्सर बदलला. एक तास लागला. मिस्त्री म्हणतो, दहा मिनिटांचं काम आहे. पण आता त्याला 'एवढंसं काम' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिशेबाच्या पहिल्या धड्यात एक नियम होता : घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं खातं जमा. तो मी पाठ केला, त्यावर मार्क मिळवले, त्यावर नोकरी मिळवली. आपल्या स्वतःच्या खात्याला मात्र लावून पाहिला नाही. बँकेत जुनी नोंद चुकलेली सापडली तर ती खोडून चालत नाही. ती तशीच ठेवायची असते आणि खाली दुरुस्तीची नोंद करायची असते. प्रगतिपुस्तकातला अ मीही खोडलेला नाही. ही त्याची दुरुस्तीची नोंद, आणि ज्याच्या खात्यात ती जमा व्हायची त्याला या लिखाणाची एक प्रत देणार आहे.

घरपट्टीची पावती मात्र अजून सापडलेली नाही.